व्हर्च्युअल मशीनला डिस्क जोडण्याची भाषा

क्यूएमूच्या सुरुवातीच्या काळातली ओळ अगदी आटोपशीर होती. प्रोग्रामचं नाव, पुढे ‘-एचडीए’, पुढे डिस्कची फाइल. एंटर दाबलं की खिडकीत एक अख्खा पीसी सुरू. फाब्रिस बेलार यांनी 2003 मध्ये हा एम्युलेटर लोकांपुढे आणला तेव्हा वापरणाऱ्याची गरज तेवढ्यात भागत होती. लिनक्समध्ये तेव्हा पहिल्या आयडीई डिस्कला एचडीए म्हणत, दुसरीला एचडीबी. पीसीत आयडीईचे चॅनल दोन, प्रत्येकावर जागा दोन, म्हणून नावं चार. सीडी तिसऱ्या जागी धरलेली, म्हणून ‘-सीडीरॉम’ हा ‘-एचडीसी’चाच दुसरा अवतार. दोन्ही एकाच ओळीत दिले तर क्यूएमू अडून बसतो, कारण एका जागेवर दोन वस्तू बसवायला आपण सांगितलेलं असतं.

ही ओळ जे सांगत नाही ते मात्र पुष्कळ आहे. फाइल कच्च्या स्वरूपात आहे की क्यूकाऊ2मध्ये? गेस्टला, म्हणजे आतल्या मशीनला, ती आयडीई डिस्क म्हणून दिसावी, स्कझी म्हणून, की व्हर्टआयओ म्हणून? गेस्टने लिहिलेलं होस्टच्या, म्हणजे बाहेरच्या खऱ्या यंत्राच्या, मेमरीत रेंगाळलं तर चालेल का? फाइल फक्त वाचायची आहे की तिच्यावर लिहायचंही आहे? या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर कोणीतरी देतंच. आपण दिलं नाही तर प्रोग्राम देतो, आणि अंदाजाने देतो. साउंड कार्डाचा अंदाज चुकला तर आवाज येत नाही, एवढंच. डिस्कचा अंदाज चुकला तर डेटा जातो, किंवा भलत्याच्या हाती लागतो. म्हणून स्टोरेजच्या कमांड लाइनची रचना हा मला व्हर्च्युअलायझेशनमधला सर्वांत गंभीर विषय वाटतो, आणि पुढची सगळी प्रकरणं त्याच एका विषयावर आहेत.

उदाहरणासाठी मी मुख्यतः क्यूएमूच धरला आहे. याचं कारण साधं आहे. त्याच्या पर्यायांचा इतिहास सगळ्यांसमोर घडला, जुने पर्याय अजून जिवंत आहेत, आणि एकच काम सांगायच्या चार पिढ्या त्यात शेजारी शेजारी पाहायला मिळतात. केव्हीएम ही लिनक्स कर्नलमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय आणि क्यूएमू यांच्या घडणीत पुण्यातून काम करणाऱ्या अभियंत्यांचाही हात आहे, त्यामुळे मराठी वाचकांपैकी काहींना ही गोष्ट घरचीच वाटेल.

चार नावांवर भागेना झालं ते केव्हीएममुळे. केव्हीएम 2006 मध्ये जाहीर झालं आणि फेब्रुवारी 2007 मध्ये लिनक्स 2.6.20 या कर्नलबरोबर सर्वांच्या हाती आलं. आता गेस्ट जवळपास खऱ्या यंत्राच्या वेगाने धावू लागला, आणि छंद म्हणून चालणाऱ्या एम्युलेटरवर लोक सर्व्हर चालवू लागले. सर्व्हरला चारपेक्षा जास्त डिस्का लागतात. रस्टी रसेल यांच्या व्हर्टआयओने तर डिस्कचा एक नवाच प्रकार आणला, ज्याला आयडीईच्या नावांमध्ये जागाच नव्हती. मग क्यूएमू 0.9.1 या आवृत्तीत ‘-ड्राइव्ह’ आला. आता स्वल्पविरामांनी जोडून हवं ते सांगता येऊ लागलं: फाइल कोणती, इंटरफेस कोणता, बस कितवी, युनिट कितवं, माध्यम डिस्क की सीडी, कॅश कशी.

‘-ड्राइव्ह’ सोयीचा होता आणि आहे. त्याची अडचण वेगळीच आहे. त्यात दोन निराळ्या गोष्टी एका ओळीत कोंबल्या गेल्या. दुकानाचा दर्शनी भाग आणि मागचं गोदाम यांत जो फरक, तोच इथे आहे. गेस्टला दिसतो तो दर्शनी भाग: कंट्रोलर कुठला, पीसीआय बसवर पत्ता काय, सिरियल नंबर काय. गोदाम होस्टच्या ताब्यात: फाइल कुठे आहे, कुठल्या स्वरूपात आहे, नेटवर्कवरून येते की स्थानिक डिस्कवरून. गिऱ्हाइकाला गोदाम दिसत नाही आणि दिसूही नये. ‘-ड्राइव्ह’मध्ये मात्र सिरियल नंबर आणि फाइलचं स्वरूप एकाच यादीत, एकाच पातळीवर लिहायचे. डिस्कची भूमिती, म्हणजे सिलिंडर, हेड आणि सेक्टर, हीसुद्धा तिथेच. त्या वस्तू कोणाच्या, हे ओळ वाचून कळायला मार्ग नव्हता.

परिणाम लगेच दिसले. पत्ता दिला नाही तर डिस्कांना जागा मिळायची ती ओळीतल्या क्रमाने. मध्ये एक डिस्क वाढवली की पुढच्या सगळ्या सरकल्या, आणि गेस्टमध्ये काल एसडीबी असलेली डिस्क आज एसडीसी झाली. एका होस्टवरून दुसऱ्यावर चालू मशीन हलवायचं, म्हणजे लाइव्ह मायग्रेशन करायचं, तर दोन्ही बाजूंचं हार्डवेअर पत्त्यांसकट सारखं लागतं. तिथे क्रमाच्या भरवशावर राहून भागत नाही. 2009 च्या डिसेंबरात आलेल्या 0.12 या आवृत्तीत ‘-डिव्हाइस’ हा पर्याय मिळाला, आणि त्याबरोबर ‘-ड्राइव्ह’ला ‘इफ=नन’ असं सांगायची सोय झाली. म्हणजे या ड्राइव्हला दर्शनी भाग तू लावू नकोस, तो मी पुढे ‘-डिव्हाइस’ने लावीन. आज इंटरनेटवर सापडणाऱ्या बऱ्याचशा ओळी याच घडणीच्या असतात. ‘इफ=नन’ कशासाठी, हे न कळताच अनेक जण ते वर्षानुवर्षं टाइप करत आले आहेत. दोन अर्ध्या भागांची फारकत इथे सुरू झाली, हे एकदा समजलं की ती ओळ लगेच वाचता येते.

गोदामाची बाजू मात्र अजून जुन्याच पद्धतीने चालली होती, आणि सर्वांत मोठा धोका तिथेच होता. तो नीट पाहण्यासारखा आहे.

क्यूकाऊ2 फाइलची पहिली चार बाइट्स ठरलेली असतात: क्यू, एफ, आय ही तीन अक्षरं आणि त्यापुढे सोळाच्या पायात एफबी. मग आवृत्तीचा आकडा. त्यानंतर, आठव्या बाइटपासून, बॅकिंग फाइलचं नाव या फाइलमध्ये कुठे लिहिलं आहे याचा पत्ता. बॅकिंग फाइल म्हणजे पाया. वरच्या फाइलमध्ये जो भाग नाही तो त्या पायातून वाचायचा, अशी सोय. कच्च्या फाइलला यातलं काहीच नसतं. तिची पहिली बाइट म्हणजे गेस्टच्या डिस्कची पहिली बाइट. आता स्वरूप न सांगता कच्ची फाइल जोडली, तर क्यूएमू काय करणार? तो सुरुवातीची बाइट्स पाहणार आणि ओळखणार. ती बाइट्स लिहिण्याचा अधिकार कोणाला? गेस्टला. गेस्टमधल्या रूट वापरकर्त्याने आपल्याच डिस्कच्या पहिल्या सेक्टरवर क्यूकाऊ2चं बनावट हेडर लिहिलं, बॅकिंग फाइल म्हणून होस्टवरच्या पासवर्डच्या फाइलचा मार्ग टाकला, आणि मशीन बंद करून पुन्हा सुरू होण्याची वाट पाहिली, की पुढच्या वेळी क्यूएमू विश्वासाने ते हेडर वाचतो, फाइल क्यूकाऊ2 ठरवतो, आणि होस्टची फाइल गेस्टला डिस्क म्हणून वाढून देतो. 2008 मध्ये या दोषाची सीव्हीई यादीत नोंद झाली. स्वरूप स्पष्ट सांगण्याचा ‘फॉरमॅट’ हा पर्याय त्यावरचा इलाज.

इलाज होता, पण सक्तीचा नव्हता, आणि ऐच्छिक सुरक्षा बहुतेक लोक घेत नाहीत. पुढे क्यूएमूने इशारा द्यायला सुरुवात केली: स्वरूप सांगितलेलं नाही, कच्चं असावं असा अंदाज आहे, अंदाज धोक्याचा आहे, म्हणून पहिल्या ब्लॉकवर लिहिण्यावर निर्बंध राहील. हा इशारा टर्मिनलवर पाहून दुर्लक्ष करणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांना दोष देण्यापेक्षा मी रचनेला दोष देईन. ज्या प्रश्नाचं सुरक्षित उत्तर प्रोग्रामला स्वतःहून काढता येत नाही, तो प्रश्न वाक्यरचनेने ऐच्छिक ठेवूच नये.

दुसरा घोटाळा फाइलच्या नावाचा. ‘-ड्राइव्ह’मध्ये फाइलचं नाव हे नुसतं नाव नसतं, ती स्वतःच एक छोटी भाषा असते. सुरुवातीला ‘एनबीडी’ आणि विसर्गासारखा दिसणारा कोलन आला तर ती नेटवर्कवरची डिस्क. ‘आरबीडी’ आला तर सेफच्या क्लस्टरमधली प्रतिमा. ‘फॅट’ आला तर होस्टवरचा फोल्डर डिस्कचं सोंग घेतो. आता कोणी बॅकअपला वेळेचं नाव दिलं, ‘बॅकअप-10:30.इमेज’, तर क्यूएमू म्हणतो ‘बॅकअप-10’ नावाचा प्रोटोकॉल मला माहीत नाही. फाइल समोर पडलेली असते, एलएस केलं की दिसते, आणि प्रोग्राम भलतंच बोलतो. नावाआधी ठिपका आणि तिरकी रेघ लावली की सुटतं, कारण कोलनच्या आधी तिरकी रेघ दिसली की तो मार्ग आहे हे त्याला पटतं. नावात स्वल्पविराम असेल तर तो दोनदा लिहायचा, एकदा लिहिला तर तिथे पर्याय संपतो. झेन या हायपरवायझरच्या एक्सएल या साधनाने याच अडचणीवर वेगळा तोडगा काढला. तिथे डिस्कच्या वर्णनात ‘टार्गेट’ नावानिशी दिलं तर ते सगळ्यांत शेवटी यावं लागतं, आणि पुढचं जे काही उरेल ते सगळं, स्वल्पविरामासकट, फाइलचंच नाव समजलं जातं. दोन्ही तोडग्यांमध्ये मला एक्सएलचा जास्त माणुसकीचा वाटतो, पण तो ओळीत एकदाच वापरता येतो, आणि क्यूएमूला डिस्कच्या पोटात डिस्क सांगायची असते.

पोटात डिस्क, हाच खरा मुद्दा. क्यूएमूच्या आत डिस्क ही एकसंध वस्तू नसते. क्यूकाऊ2चा अर्थ लावणारा एक नोड, त्याच्या खाली प्रत्यक्ष फाइल उघडणारा दुसरा नोड, बाजूला बॅकिंग फाइलचा नोड, त्याच्याखाली त्याची फाइल, वर वेगावर लगाम घालणारा थ्रॉटलचा नोड, असा तो आलेख असतो. चालू मशीनचा स्नॅपशॉट घेतला की वर एक नवा थर चढतो आणि कालचा वरचा थर आज पाया होतो. ‘-ड्राइव्ह’ला दिलेलं नाव सगळ्यांत वरच्या टोकाला चिकटलेलं असतं, ते थर बदलले तरी टोकाबरोबर सरकतं. मधल्या एखाद्या थराविषयी बोलायचं असेल तर त्याला स्वतःचं नाव लागतं. ‘नोड-नेम’ आलं ते त्यासाठी.

एप्रिल 2017 मध्ये आलेल्या क्यूएमू 2.9 मध्ये ‘-ब्लॉकडेव्ह’ मिळाला आणि हा आलेख कमांड लाइनवर जसाच्या तसा मांडता येऊ लागला. प्रत्येक नोडसाठी ड्रायव्हर सांगायचाच. न सांगण्याची मुभा नाही, त्यामुळे अंदाजाचा धोका इथे मुळातच नाही. क्यूकाऊ2 आणि तिच्याखालची फाइल हे दोन नोड वेगळे लिहायचे, किंवा एकाच ओळीत ठिपका देऊन: ‘ड्रायव्हर=क्यूकाऊ2, फाइल.ड्रायव्हर=फाइल, फाइल.फाइलनेम=अमुक’. इथे फाइलचं नाव म्हणजे नुसतं नाव. त्यातला कोलन साधा कोलन असतो. दुहेरी स्वल्पविराम तेवढा राहिला, कारण ओळ अजून स्वल्पविरामांनीच तुटते. तोही नको असेल तर तीच माहिती जेसनमध्ये देता येते.

या बदलाची सगळ्यांत चांगली परीक्षा मला कॅशच्या पर्यायांमध्ये दिसते. ‘-ड्राइव्ह’मध्ये ‘कॅश’ला पाच किमती होत्या: राइटबॅक, राइटथ्रू, नन, डायरेक्टसिंक, अनसेफ. ‘नन’ म्हटलं की कॅश नाही आणि म्हणून डेटा सर्वांत सुरक्षित, असा समज अनुभवी प्रशासकांचाही असतो. प्रत्यक्षात ‘नन’ फक्त होस्टच्या पेज कॅशला वळसा घालतो. गेस्टला मात्र असं दिसतं की डिस्कला लेखनाची कॅश आहे, आणि फ्लश मागेपर्यंत लिहिलेलं पक्कं झालं असं त्याने धरू नये. खालच्या खऱ्या डिस्कच्या स्वतःच्या कॅशमध्ये ते थांबलेलं असू शकतं. ‘अनसेफ’ तर फ्लश मागितला तरी करत नाही. सिस्टिम बसवताना तो वेगवान आणि उपयोगाचा असतो, पण बिलांच्या डेटाबेसखाली त्याला जागा नाही.

या पाच किमती म्हणजे मुळात तीन वेगवेगळ्या हो-नाही प्रश्नांची उत्तरं होती. होस्टची पेज कॅश टाळायची का? फ्लश दुर्लक्षायचा का? गेस्टला लेखनाची कॅश आहे असं दाखवायचं का? पहिले दोन प्रश्न गोदामाचे, तिसरा दर्शनी भागाचा. ‘-ब्लॉकडेव्ह’ने नेमकी हीच फोड केली. ‘कॅश.डायरेक्ट’ आणि ‘कॅश.नो-फ्लश’ हे दोन पर्याय नोडकडे राहिले, आणि ‘राइट-कॅश’ हा ‘-डिव्हाइस’चा गुण झाला, कारण ते गेस्टला दिसणारं वागणं आहे. वाक्यरचना बदलताना रचनाकारांना ठरवावं लागलं की हे बटण नक्की कोणाचं, आणि ते ठरवताच पाच गूढ नावांच्या जागी तीन सरळ प्रश्न उरले. चांगल्या वाक्यरचनेकडून मी याहून जास्त काही मागणार नाही.

आणखी एक गोष्ट झाली, तिची चर्चा कमी होते. मशीन सुरू असताना डिस्क जोडायची तर क्यूएमूशी क्यूएमपी या जेसनच्या भाषेत बोलावं लागतं. ‘ब्लॉकडेव्ह-अ‍ॅड’ ही त्यातली कमांड काही वर्षं प्रयोगावस्थेत ठेवली होती, आणि तिचं रूप पक्कं झालं ते याच 2.9 मध्ये. ही कमांड आणि कमांड लाइनवरचा ‘-ब्लॉकडेव्ह’ दोन्ही एकाच स्कीमावरून तयार होतात. सुरू करताना जे म्हणता येतं तेच चालू असताना म्हणता येतं, त्याच शब्दांत, त्याच घडणीत. स्कीमा यंत्राला वाचता येतो, त्यामुळे वरचं सॉफ्टवेअर क्यूएमूला विचारू शकतं की तुला काय काय येतं. मदतीचा मजकूर चाळून अंदाज करण्याची वेळ त्याच्यावर येत नाही.

किंमत मोजावी लागलीच. ‘-एचडीए’ची एक छोटी ओळ होती, तिथे आता ‘-ब्लॉकडेव्ह’ आणि ‘-डिव्हाइस’ मिळून दोन लांबलचक ओळी झाल्या. तीन थरांची बॅकिंग साखळी असेल तर हाताने लिहिताना डोळे दुखतात, आणि शेलमध्ये जेसनची अवतरणचिन्हं सांभाळणं ही वेगळीच कसरत. म्हणून काही जण म्हणतात, की ही भाषा माणसांसाठी नाहीच, लिबव्हर्टसारख्या सॉफ्टवेअरसाठी आहे. यात तथ्य आहे. लिबव्हर्टने 2020 च्या सुमारास ‘-ब्लॉकडेव्ह’ स्वीकारला, आणि आज बहुतेक सर्व्हरवर प्रशासक एक्सएमएल लिहितो, ओळ लिबव्हर्ट रचतं. ती पूर्ण ओळ त्याच्या लॉगच्या फोल्डरमध्ये प्रत्येक मशीनच्या नावाने पडलेली असते. नवशिक्याने ती एकदा उघडून, शब्द न् शब्द लावून पाहावी. एवढा चांगला धडा दुसरीकडे मिळणार नाही.

तरीही छोट्या पर्यायांना हाकलून द्यावं, असं मला वाटत नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक आयएसओ चालवून पाहणाऱ्या मुलीला आलेखाची गरज नाही. तिला ‘-सीडीरॉम’ पुरे. माझा आग्रह इतकाच, की प्रत्येक छोट्या पर्यायाचा लांब पर्यायांत नेमका, लिहून दाखवता येईल असा विस्तार असावा. छोटी ओळ ही लांब ओळीचा संक्षेप असावी, तिची स्वतःची वेगळी वागणूक नसावी. ‘-ड्राइव्ह’बाबत हे अजून पूर्ण साधलेलं नाही. नाव ओळखण्याची, स्वरूप ताडण्याची त्याची जुनी वाट वेगळी आहे, आणि म्हणून पुढच्या प्रकरणांत मी त्याची प्रत्येक ओळ ‘-ब्लॉकडेव्ह’मध्ये उलगडून दाखवली आहे. जिथे तंतोतंत उलगडत नाही तिथे तसं म्हटलं आहे.

इतरांनी काय केलं, तेही थोडक्यात पाहण्याजोगं आहे. जानेवारी 2014 मधल्या फ्रीबीएसडी 10.0 बरोबर आलेल्या बीहाइव्हमध्ये डिस्क सांगताना आधी पीसीआयचा स्लॉट द्यावा लागतो, मग उपकरणाचा प्रकार, मग फाइल. क्रमाच्या भरवशाचा प्रश्नच उरत नाही, आणि छोट्या प्रकल्पाला हे शोभतं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये कंट्रोलर बनवायची कमांड वेगळी, त्याच्या पोर्टवर माध्यम लावायची वेगळी. म्हणजे दर्शनी भाग आणि गोदाम यांची फारकत तिथेही आहे, फक्त ती मशीनच्या नोंदीत कायमची साठवली जाते. 2018 मध्ये खुल्या झालेल्या फायरक्रॅकरने डिस्कसाठी कमांड लाइनचा रस्ताच टाळला. सॉकेटवर एचटीटीपीने जेसन पाठवायचा, त्यात होस्टवरचा मार्ग, रूट डिस्क आहे का आणि फक्त वाचायची का, अशी मोजकी कलमं. एकाच प्रकारची डिस्क द्यायची ठरवली की भाषा इतकी लहान राहू शकते. क्यूएमूला तसं ठरवता येत नाही, जुन्या फ्लॉपीपासून एनव्हीएमईपर्यंत सगळ्यांचं त्याला करावं लागतं.

फारकत बरोबर होती याचा पुरावा नंतर मिळाला, आणि तो मला सर्वांत बोलका वाटतो. एप्रिल 2020 च्या क्यूएमू 5.0 मध्ये ‘क्यूएमू-स्टोरेज-डीमन’ नावाचा स्वतंत्र प्रोग्राम आला. त्यात व्हर्च्युअल मशीन नाही, सीपीयू नाही, गेस्ट नाही. आहे ती नुसती गोदामाची बाजू, आणि तिला सांगायची भाषा तीच, ‘ब्लॉकडेव्ह’. त्याच शब्दांत डिस्कचा आलेख मांडायचा, आणि दर्शनी भागाच्या जागी ‘एक्सपोर्ट’ लावायचा. सुरुवातीला एनबीडीने नेटवर्कवर, पुढच्या आवृत्त्यांत फ्यूजने होस्टवरच साध्या फाइलसारखा, किंवा व्हीहोस्ट-यूजरने दुसऱ्या प्रोसेसमधल्या गेस्टला. ‘-ड्राइव्ह’च्या भाषेत हे मांडताच आलं नसतं, कारण तिथे गोदामाचं वर्णन यंत्राच्या वर्णनात मिसळलेलं होतं. शेवटच्या प्रकरणात हा डीमन घेतला आहे, पण उतावळ्या वाचकाने तिथूनच सुरुवात केली तरी माझी हरकत नाही. यंत्र बाजूला ठेवल्यावर ‘ब्लॉकडेव्ह’ची ओळ लिहायला बरीच सोपी जाते.